साडेसात ते नऊ

डॉक्टर सलुजांनी चिठ्ठीवर लिहिलं ते गोळ्यांचं नाव नव्हतं.
चार हजार लक्स, हातभर अंतरावर,
संध्याकाळी साडेसात ते नऊ, डोळे उघडे.
टक लावून बघायचं नाही, म्हणाल्या,
ती पेटी नुसती समोर असू द्यायची,
घरात कुणी मोठं माणूस बसलेलं असावं तशी.

एकतीस वर्षं ह्यांनी दूध संघात
पहाटे चारला टँकरचं फॅट मोजलं.
निवृत्त झाले. कपाटाची किल्ली, ओळखपत्र जमा केलं,
देहातलं घड्याळ कुणी मागून घेतलं नाही.
ते पुढंच पळत सुटलं.
आधी तीनला जाग, मग अडीचला,
मग पावणेदोनला कुकरची शिट्टी.
आणि संध्याकाळी सातला
भाताचा शेवटचा घास घेता घेता मान छातीवर.
शर्वाणीच्या रिसेप्शनच्या फोटोत
हे खुर्चीत झोपलेले, गळ्यात हार.
सगळे हसले. मीही.

सराफ्यात सोन्याची दुकानं मिटून कढया चढतात,
ते ह्यांनी सहा वर्षांत पाहिलं नाही.
पोह्यांच्या गाड्या लागायच्या आत मात्र
राजवाड्यापर्यंत जाऊन परत आलेले असायचे.
एका घरात आम्ही
दोन पाळ्यांतले कामगार,
फाटकाशी भेटणारे.

पेटी आली.
आधी देवाजवळ निरांजन लावलं, मग हिचं बटण दाबलं.
निरांजन एकदम लहान झालं,
पाहुण्यांसमोर आलेल्या पोरीसारखं.
खंडेलवाल भाभींनी जिन्यातून विचारलं,
"शूटिंग चल रही है क्या?"

मी शेजारी बसून तांदूळ निवडले.
एक खडा सुटला नाही.
ह्यांचा चेहराही सुटला नाही :
भुवईत एक पांढरा केस, लांब, हट्टी,
कानाच्या पाळीवर तीळ.
हा आधीपासून होता?
एवढ्या संसारात मी हा माणूस
बहुतेक चाळीसच्या बल्बखालीच पाहिलेला.

डोळे मिटायला लागले की काहीतरी विचारायची.
थंडीत म्हशीच्या दुधाला फॅट किती लागायचं?
"सात पॉइंट दोन," पेंगेतच म्हणायचे,
आणि खडबडून ताठ बसायचे, "छे, चार. सात पॉइंट चार."

तिसऱ्या आठवड्यात साडेआठला म्हणाले, चहा टाक.
पाचव्यात पूर्ण बातम्या पाहिल्या, अँकरवर चिडलेसुद्धा.
जाग सरकत सरकत सव्वाचारवर आली.
मी वहीत रोजचे आकडे लिहीत होते,
डॉक्टर ती वही पाहून खूश.

एक गोष्ट वहीत लिहिली नाही.
सात ते अकरा, हे चार तास सहा वर्षं माझे होते.
हे झोपले की मी बैठकीतला दिवा मालवायची
आणि बसायची. काही करायची नाही.
पाय टीपॉयवर.
वाटीत लोणच्याचा खार, बोटानं.
रस्त्यावरून स्कूटर गेली की
तिचा उजेड भिंतीवरून सरकायचा,
तेवढा पुरायचा मला.
आता तिथं लख्ख दिवस असतो,
आणि दिवसाला बडबड फार.

हे बोलतात. साठलेलं सगळं एकदम :
रात्री दोनला रामबागेत काय काय ऐकू येतं,
टाकीत पडणारं पाणी, चौकीदाराची काठी,
कुणाचा तरी खोकला, रोज तोच.
"आणि तू कूस बदलताना म्हणतेस, सरका जरा."
मग?
"मग मी सरकायचो."
तुम्ही तर स्वयंपाकघरात असायचात.
"हो. तिथंच सरकायचो."

तांदळात काय शोधत होते ते विसरले.

नऊ वाजले. मी पेटी बंद करते.
इतक्या उजेडानंतर
दोघांनाही मिनिटभर काहीच दिसत नाही.
तेवढ्यात मी हळूच पाय टीपॉयवर ठेवते.
ह्यांचे आधीच तिथं असतात.